कानाच्या मशीनचे सेल चार दिवसांतच संपतात, चुकतंय कुठे?

अमळनेरची_लेक | १० मे, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. वडिलांना (आम्ही आप्पा म्हणतो) फेब्रुवारीत दोन्ही कानांना मशीन बसवलं. वय ७८. कानामागचं मशीन आहे, सेल ३१२ नंबरचा, तपकिरी स्टिकरवाला. बसवताना सांगितलं होतं की सेल आठवडाभर जाईल. सुरुवातीला गेलाही. आता कधी सात दिवस, कधी पाच, तर कधी चौथ्या दिवशी सकाळीच बंद. अंदाजच बांधता येत नाही.

पैशांचं एक वेळ सोडा. पण परवा सखाराम महाराजांच्या यात्रेत आप्पा हौसेने कीर्तनाला बसले आणि पूर्वरंग संपता संपता दोन्ही कान बंद. शेजारच्या माणसाने काही विचारलं तर नुसते हसले. घरी येऊन मशीन काढून खिशात टाकलं आणि म्हणाले, "राहू दे वं माय, मले आयकू येस नही तेच बरं." तेव्हापासून मशीनला हात लावायला तयार नाहीत.

मी जळगावला नोकरी करते, दर रविवारी अमळनेरला जाते. घरी आई-आप्पा दोघंच. आईला कमी दिसतं, आप्पांच्या बोटांना कंप आहे. जे मशीन वापरतात किंवा घरात कुणाचं सांभाळतात त्यांनी कृपया सांगा, आमचं काय चुकतंय?

लोकोशेड | १० मे, रात्री ९:५०

ताई, मी भुसावळचा. डिझेल इंजिनांच्या आवाजात नोकरी झाली आणि निवृत्तीआधीच कान गेले. नऊ वर्षं मशीन वापरतो, म्हणून दोन गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

पहिली म्हणजे हे सेल टॉर्चच्या सेलसारखे मंद मंद होत जात नाहीत. शेवटपर्यंत ताकद जवळजवळ सारखी राहते आणि मग एकदम बसतात. त्यामुळे कीर्तनात अचानक कान बंद होणं यात मशीनचा दोष नाही, त्या सेलचा स्वभावच तसा आहे. मशीन आधी बारीक टिंग-टिंग असा इशारा देतं, पण तो ओळखायला नव्या माणसाला वेळ लागतो. आप्पांना एकदा मुद्दाम संपत आलेला सेल घालून तो आवाज ऐकवा.

दुसरी, रात्री मशीन काढलं की सेलचं दार उघडं ठेवायचं. मशीन बंदही होतं आणि दिवसभराचा घामही सुकतो. आप्पा दार उघडतात का?

केळीबाग | १० मे, रात्री १०:२०

रावेरहून. आमच्याकडे ४५ पार गेलंय. उन्हाने सेल खराब होत असणार. आम्ही आजीचे सेल फ्रिजमध्ये दाराच्या कप्प्यात ठेवतो, तुम्हीही ठेवून बघा.

शहादेकर | १० मे, रात्री १०:४१

माझ्या मते सरळ चार्जिंगचं मशीन घ्या. सेलची कटकटच नको.

खापराची_पोळी | ११ मे, सकाळी ७:०५

आमचे नाना (सासरे) मशीन सदऱ्याच्या खिशात टाकायचे आणि सुटे सेलही त्याच खिशात, चिल्लर आणि किल्लीसोबत. नाणं किंवा किल्ली सेलच्या दोन्ही बाजूंना एकदम टेकली की तो तिथेच संपतो, गरमही होतो. आप्पांचा खिसा तपासा.

आणि नानांची गंमत सांगते. सासूबाई बाजाराची यादी सांगू लागल्या की नाना कानाकडे बोट करून "सेल गया" म्हणायचे. एकदा मी सकाळीच नवे सेल घातले होते. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी नानांकडे, आणि नाना पिशवी घेऊन मुकाट निघाले. 😄

कर्णफूल | ११ मे, सकाळी ८:३०

मी धुळ्यात श्रवणतज्ज्ञ आहे. आधी केळीबाग यांना: फ्रिज नको. बाहेर काढल्यावर गार सेलवर दव जमतं आणि ते पाणी छिद्रांत शिरतं. घरातली त्यातल्या त्यात थंड, सावलीची, कोरडी जागा पुरे. पत्र्याचं छप्पर, खिडकीची कड, उन्हात उभी गाडी एवढं टाळा.

अमळनेरची_लेक, मला चार गोष्टी सांगा. मशीन दिवसात किती तास कानात असतं? मोबाइलचा आवाज ब्लूटूथने थेट मशीनमध्ये येतो का? त्याने सेल लवकर उतरतो. नवे सेल कुठे आणि कसे ठेवता? आणि सगळ्यात महत्त्वाचं, सात दिवस, पाच दिवस, चार दिवस हे कोणत्या क्रमाने येतं? काही नोंद ठेवली आहे का?

घड्याळ_दुरुस्ती_चाळीसगाव | ११ मे, सकाळी ११:१२

माझं दुकान आहे म्हणून लिहितो. आजूबाजूच्या खेड्यांतली म्हातारी माणसं कानाचं मशीन घेऊन घड्याळवाल्याकडेच येतात. निळ्या स्टिकरचा ६७५ आणि घड्याळ-कॅल्क्युलेटरमध्ये घालतात तो एलआर-४४, दोघांचं माप एकच: ११.६ मिलिमीटर व्यास, ५.४ जाडी. त्यामुळे बसतो, आणि मशीन चालूही होतं. पण ६७५ मध्ये जेवढी वीज साठलेली असते तिचा चौथा हिस्साही एलआर-४४ मध्ये नसतो, आणि तो उतरत उतरत जातो म्हणजे आवाजही खालावत जातो. गिऱ्हाईक समजतं कान आणखी गेला. मी आता घड्याळाचा सेल देतच नाही. ६७५ आणि १३ नंबर ठेवतो, ३१२ सांगितला तर आणून देतो.

पांझरा | ११ मे, दुपारी १:३०

कामाची माहिती दिलीत दादा. रंगांचं कुणीतरी नीट लिहा ना, मी नेहमी गोंधळते.

घड्याळ_दुरुस्ती_चाळीसगाव | ११ मे, दुपारी १:४८

पिवळा १० नंबर, तपकिरी ३१२, नारिंगी १३, निळा ६७५. कंपनी कोणतीही असो, रंग तेच. १० सगळ्यात लहान, ६७५ सगळ्यात मोठा. ३१२ आणि १३ चा व्यास सारखाच, ७.९ मिलिमीटर, पण १३ जाड असतो. ३१२ च्या घरात १३ कोंबून दाराची बिजागरी मोडलेली मशीनं मी पाहिली आहेत. दार जोर न लावता मिटलं पाहिजे. मिटत नसेल तर सेल उलटा आहे किंवा नंबर चुकला आहे.

अमळनेरची_लेक | ११ मे, रात्री ८:४०

सगळ्यांचे आभार. दुपारी फोन करून आईकडून सगळं विचारून घेतलं.

लोकोशेड काका, दार रात्री उघडं असतं, ते आप्पा न चुकता करतात. खिशात चिल्लर नाही, सुपारीची चंची आहे, तीही आता वेगळी केली. ब्लूटूथ नाही, आप्पांचा साधा बटणांचा फोन आहे. मशीन सकाळी सहा ते रात्री नऊ कानात असतं, दुपारी झोपताना काढतात.

कर्णफूलताई, नोंद आहे! आप्पा सेल बदलला की कॅलेंडरवर फुली मारतात. आईने तारखा वाचून दाखवल्या. एका पाकिटात सहा सेल, म्हणजे तीन जोड्या. मार्चच्या पाकिटातली पहिली जोडी सात दिवस, दुसरी पाच, तिसरी चार. पुढच्या पाकिटात सात, सहा, चार. आताच्यात सात, पाच आणि तिसरी साडेतीन. लिहून काढल्यावर मलाच नवल वाटलं. दर पाकिटात पहिली जोडी चांगली आणि शेवटची वाईट.

ठेवतो कसे, तर स्टिकर आप्पांना निघत नाहीत, बोटं थरथरतात. म्हणून पाकीट आणलं की मीच सहाही सेलचे स्टिकर काढून देते आणि सेल एका छोट्या स्टीलच्या डबीत ठेवते. डबी त्यांच्या गोळ्यांच्या ट्रेमध्येच असते, म्हणजे शोधावी लागत नाही.

कर्णफूल | ११ मे, रात्री ९:०५

सापडलं. आणि आधी एक काम करा ताई. आत्ता फोन करून ती डबी गोळ्यांच्या ट्रेमधून उचलायला सांगा. कारण नंतर लिहिते.

अमळनेरची_लेक | ११ मे, रात्री ९:१२

केला फोन. आईने डबी देवघराच्या फळीवर ठेवली.

कर्णफूल | ११ मे, रात्री ९:४५

आता सविस्तर.

हे सेल जस्त आणि हवेवर चालतात. आत जस्ताची पूड आणि क्षाराचा ओलावा असतो, वरच्या सपाट बाजूला सुईच्या टोकाएवढी छिद्रं. छिद्रांतून हवेतला प्राणवायू आत गेला की जस्ताशी त्याची क्रिया होऊन वीज तयार होते. एवढ्याशा सेलमध्ये इतकी वीज मावते ती यामुळेच: अर्धा माल आत भरावाच लागत नाही, तो हवेतून येतो. स्टिकर म्हणजे त्या छिद्रांचं बूच. बूच आहे तोवर सेल झोपलेला, सावलीत तीनेक वर्षंही टिकतो. स्टिकर निघाला की तो जागा झाला. मशीनमध्ये असो वा डबीत, आतला ओलावा उडायला लागतो. पुन्हा स्टिकर चिकटवला तरी तो पहिल्यासारखा झोपत नाही.

तुमची तिसरी जोडी मशीनमध्ये जाईपर्यंत दहा-बारा दिवस उघडी पडलेली असते, तीही अमळनेरच्या मे महिन्याच्या कोरड्या हवेत. मुंबईच्या दमट हवेत उलटा त्रास होतो, सेल ओलावा ओढून घेतो. आपल्याकडे उन्हाळ्यात तो वाळतो. सात-पाच-साडेतीनचं कोडं हे आहे. मशीनमध्ये काही दोष दिसत नाही.

तेव्हा स्टिकर सेल घालायच्या वेळीच काढायचा, तेही फक्त घालायच्या दोन सेलचे. काढल्यावर लगेच दार मिटू नका. सपाट बाजू वर ठेवून दोन-चार मिनिटं उघड्यावर राहू द्या, हवा आत गेली की विजेचा पूर्ण दाब येतो. काही कंपन्या एक मिनिट सांगतात, काही पाच. मी तीन सांगते. हात कोरडे हवेत, तेल-क्रीमचे हात छिद्रांना लावू नका.

आता डबीचं. वयस्कर माणसांनी सेल गोळी समजून गिळल्याचे प्रसंग होतात. स्टिकर नसलेला ३१२ हा दिसायला छोट्या गोळीसारखाच. घरात नजर कमी असलेलं माणूस असताना गोळ्या आणि सेल एका ट्रेमध्ये कधीही नकोत.

मास्तरीण | ११ मे, रात्री १०:१०

शिरपूरहून. आमच्या मामांच्या बाबतीत हे झालंय. रक्तदाबाची गोळी म्हणून सेल गिळला आणि गोळी मशीनमध्ये घालायला गेले तेव्हा लक्षात आलं. एक्स-रे काढला, सेल पोटात उतरला होता, चौथ्या दिवशी पडून गेला. पण ते चार दिवस घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. सेल घशात किंवा अन्ननलिकेत अडकला तर काही तासांत आतून भाजतं, असं डॉक्टर म्हणाले. उलटी करवू नका, वाट बघू नका, थेट दवाखाना गाठा.

आणि नातवंडं असतील तर कान आणि नाकसुद्धा. पोरं बिया घालतात तसे सेल घालतात. नाकात गेला असेल तर घरचं तेल, पाणी, थेंब काहीही न टाकता लगेच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्या. ओलाव्याने तो आणखी भाजतो.

अमळनेरची_लेक | ११ मे, रात्री १०:५५

तीन महिने दर पाकिटाला मी प्रेमाने बसून सगळे स्टिकर काढत होते. आप्पांना त्रास नको म्हणून. आणि त्यामुळेच कीर्तनात त्यांची पंचाईत झाली. फार वाईट वाटतंय.

पण मूळ अडचण उरतेच. मी सहा दिवस घरी नसते. स्टिकर काढायचा कुणी?

लोकोशेड | १२ मे, सकाळी ६:३०

मनाला लावून घेऊ नका. हे कुणी सांगितल्याशिवाय कळण्यासारखं नाही.

माझाही हात कापतो. माझी युक्ती: सेल पाकिटातून काढायच्या आधी स्टिकरच्या वर दोन इंचांची मजबूत चिकटपट्टी दाबून लावायची, एक टोक लांब सोडायचं. स्टिकर उचकटायचा नाही, नुसती शेपटी जोडायची. तुम्ही रविवारी सहाही सेलना शेपट्या लावून ठेवा. आप्पा शेपटी चिमटीत धरून ओढतील. आणि मशीनसोबत साफसफाईचा छोटा ब्रश आला असेल, त्याच्या मागच्या टोकाला बहुतेक चुंबक असतं. जुना सेल त्याने अलगद बाहेर येतो. आमच्याकडे सहा महिने कुणाला माहीतच नव्हतं.

सगळं ताटात करायचं, ताटाखाली पंचा. पडलेला सेल फरशीवर शोधणं म्हणजे अर्धा दिवस.

सातपुडा | १२ मे, सकाळी ९:२०

धडगावहून. शहादेकर म्हणतात तसं चार्जिंगचं मशीन आमच्या भागात अवघड आहे. पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाइट नसते. माझ्या आईकडे १३ नंबरवालं आहे आणि तेच बरं. फक्त सेल इथे मिळत नाही, नंदुरबारहून आणावे लागतात, म्हणून मी दोन पाकिटं पुढची ठेवतो. त्याहून जास्त नाही. घेताना पाकिटावरची तारीख बघतो. एकदा मुदतीच्या तोंडावरचं पाकीट गळ्यात पडलं, त्यातले दोन सेल लागलेच नाहीत.

शहादेकर | १२ मे, सकाळी १०:०२

मान्य, धडगावची गोष्ट वेगळी. पण शहाद्यात माझ्या वडिलांचं चार्जिंगचं मशीन दीड वर्ष उत्तम चाललंय. रात्री डबीत ठेवायचं, तीन-चार तासांत भरतं, दुसरा दिवसभर चालतं. लाइट गेली तर डबीला पॉवर बँक लावतो. कापऱ्या हातांना यासारखं सुख नाही. पुढचं मशीन घ्याल तेव्हा विचार करा एवढंच म्हणतो.

कर्णफूल | १२ मे, सकाळी १०:४०

दोघांचंही बरोबर आहे. चार्जिंगच्या मशीनमधली लिथियम बॅटरी चार-पाच वर्षांत दमते आणि ती घरी बदलता येत नाही, कंपनीकडे पाठवावी लागते. तेवढे दिवस माणूस ऐकण्यावाचून. हे धरूनच निवड करावी. आप्पांचं मशीन तीन महिन्यांचं आहे, ते बदलायचं काहीच कारण नाही.

केळीबाग | १२ मे, दुपारी १२:१५

फ्रिजमधून काढले. 🙏 एक प्रश्न. आजी बागेत येते, घामाने मशीन ओलं होतं. तांदळात ठेवलं तर चालेल का?

कर्णफूल | १२ मे, दुपारी १२:५०

तांदळाने फारसं साधत नाही, वर त्याची भुकटी मशीनच्या जाळीत जाते. सिलिका जेलची डबी घ्या, मशीन बसवतात तिथेच मिळते. सेल बाहेर काढायचा आणि फक्त मशीन डबीत ठेवायचं. सेलसकट ठेवलं तर ती डबी सेलही वाळवते, म्हणजे आप्पांसारखीच गत. सकाळी सेलचं घर आणि सेल कोरड्या मऊ कापडाने पुसून बसवा.

पांझरा | १२ मे, दुपारी २:३०

संपलेले सेल कुठे टाकता? मी बरणीत साठवलेत, दोनशेच्या वर असतील.

घड्याळ_दुरुस्ती_चाळीसगाव | १२ मे, दुपारी ३:१०

कचऱ्यात नको आणि जाळायचे तर मुळीच नाहीत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार त्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे आणि आपण घरच्या कचऱ्यातून त्या वेगळ्या ठेवायच्या आहेत. मशीन जिथून घेतलं तिथे आधी विचारा. माझ्याकडे लोक आणून देतात, मी ई-कचरा नेणाऱ्याला देतो. बरणीला झाकण घट्ट हवं, आणि ती पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

मास्तरीण | १२ मे, रात्री ८:००

पैशांवरून आठवलं. ६५ वर्षांपुढच्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर अशा साधनांसाठी ३,००० रुपये एकदा खात्यात जमा होतात, त्यात श्रवणयंत्रही येतं. अर्ज समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात. गेल्या तीन वर्षांत तेच साधन सरकारकडून फुकट घेतलेलं नसावं. मशीनच्या मानाने रक्कम थोडी आहे, पण एखाद्या घरात वर्षभराचे सेल तरी निघतील.

अमळनेरची_लेक | १ जून, रात्री ९:३०

धागा वर काढतेय, कारण निकाल सांगायचा राहिला होता.

नवं पाकीट १२ मेला सुरू केलं. सेलना शेपट्या लावल्या, पाकीट आईच्या शिवणाच्या डब्यात, गोळ्यांपासून दूर. पहिली जोडी सात दिवस, दुसरीही सात, तिसरीचा आज सहावा दिवस आणि चालू आहे. आप्पा स्वतः शेपटी ओढून स्टिकर काढतात आणि तो स्टिकर कॅलेंडरवर त्या तारखेवर चिकटवतात. तपकिरी ठिपका दिसला की आईला फुली शोधावी लागत नाही. सेल बदलायचा तर आधी पितळी ताट, खाली पंचा, सगळं काकांनी सांगितलं तसंच. चुंबकाचा ब्रशही सापडला, मशीनच्या डब्यातच होता.

टिंग-टिंगही ओळखायला लागलेत. शनिवारी मोठ्या काकांशी अहिराणीत तावातावाने बोलत होते, मध्येच थांबले आणि म्हणाले, "थांब रे भो, सेल बदली येस." (सेल बदलून येतो.) काका तीन मिनिटं बसून राहिले.

आता नवी तक्रार. मशीन सारखं चालू असल्यामुळे कूलरचा आवाज फार येतो म्हणतात. दुपारभर कूलर लावल्याशिवाय इलाज नाही, आणि तो लावला की मशीन काढून ठेवतात.

कर्णफूल | १ जून, रात्री ९:५५

छान झालं ताई! कूलरचं नवीन माणसांना सगळ्यांनाच होतं. इतकी वर्षं तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. काढून ठेवू देऊ नका, नाहीतर सवय लागणार नाही. मशीन बसवणाऱ्याकडे एकदा न्या, गोंगाटासाठी मशीनमध्ये वेगळं सेटिंग करून देता येतं. जाताना कूलर कुठे आहे आणि आप्पा कुठे बसतात, ते कागदावर काढून न्या.

लोकोशेड | १ जून, रात्री १०:२०

कूलरसाठी वेगळा धागा काढा ताई. भुसावळच्या उन्हाळ्यात नऊ वर्षं काढली आहेत, त्यावर मला बरंच लिहायचंय.